गाउदिओसोच्या घरावरचा डुलता खांब

गाउदिओसो वियारोयाच्या लग्नाची काळजी सगळ्या पेन्याफ्रिया गावाने केली, फक्त त्याने स्वतः केली नाही. पन्नाशी उलटली तेव्हा गावानेही हात टेकले. मेंढ्या, कुत्रा आणि डोंगरावरचं ते एकलकोंडं दगडी घर एवढ्यावर तो खूश आहे असं लोकांनी ठरवून टाकलं. माणूस तक्रार करत नसला की लोक त्याला खूश समजतात, आमच्याकडे तर फारच.

त्याचं घर, मास देल एनेब्रो, गावापासून चांगलं तासाभराच्या चढावर. विजेची तार गावापर्यंत आली आणि तिथेच थांबली. एका घरासाठी एवढे खांब रोवत कोण वर जाणार? आधी वडिलांनी अर्ज केले, मग त्याने केले, मग त्याने अर्जांचा नाद सोडून मेंढ्यांकडे लक्ष दिलं. सोलरची पाटी त्याने दोनदा बसवली आणि दोन्ही वेळा जुलैच्या गारांनी तिचा चुरा केला. बहिणीच्या नवऱ्याने पंख्याची छोटी पवनचक्की आणून दिली, तर पहिल्याच हिवाळ्यात तिचं एक पातं निखळून मेंढवाड्याच्या दारात रुतलं. सुदैवाने मेंढ्या तेव्हा चरायला गेल्या होत्या. शेवटी उरला जनरेटर. तो सुरू केला की कुत्रा रडायचा, म्हणून गाउदिओसो तो जेवणापुरताच लावायचा.

पण त्या घराला एका गोष्टीचा मान होता. सिएर्सो, आमचा उत्तरेचा वारा, तिथे असा कोरडा आणि स्वच्छ लागतो की मिठात मुरवलेली डुकराची तंगडी त्या माळ्यावर जशी वाळते तशी खाली गावात वाळत नाही. म्हणून जानेवारीत डुकरं मारून झाली की अर्धं गाव आपापल्या तंगड्या घेऊन वर यायचं. माळ्यावर आढ्याची एक जाडजूड तुळई होती, तिला लोखंडी आकडे ठोकलेले. प्रत्येकाचा आकडा ठरलेला, बापजाद्यांपासूनचा. दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, सान रोकेच्या जत्रेआधी, ज्याची त्याने उतरवून न्यायची. गाउदिओसो कुणाकडून काही घ्यायचा नाही. लोक येताना दारू आणायचे, बसायचे, वर्षाचं बोलणं करून जायचे.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात बायकांची बस आली.

आसपासच्या चार-पाच गावांनी मिळून मे महिन्यात एकट्या पुरुषांसाठी जेवण ठरवलं आणि सारागोसाहून एकट्या बायकांची बस मागवली. हसण्यासारखं आहे खरं, पण ज्या गावांत शाळेच्या वर्गात मेंढ्यांचा चारा साठवतात तिथे लोक हसून हसून किती हसणार? गाउदिओसो जाणारच नव्हता. गावच्या बारवाल्या सातुर्निनोने त्याला तंगडी कापायच्या निमित्ताने ओढून नेलं.

"तू नुसता उभा राहून काप," सातुर म्हणाला. "बोलायचं काम बाकीचे करतील."

बाकीच्यांनी खरंच पुष्कळ काम केलं. बोलले, नाचले, घामाघूम झाले. गाउदिओसो सुरी घेऊन उभा होता. त्याच्यासमोर एक बाई बराच वेळ बशी घेऊन उभी राहिली, खाईना आणि हलेना.

"तुम्हाला चरबीकडचं हवंय का?" त्याने विचारलं.

"मला काही नकोय. तुमचे हात बघतेय. इतक्या सावकाश काम करणारा माणूस मी शहरात बघितला नाही हो."

तिचं नाव आरासेली. चोपन्न वर्षांची विधवा. सारागोसातल्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात आयुष्यभर चादरी इस्त्री केलेली. आवाज मोठा, कारण तिथल्या यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय. तिचा आवाज आणि त्याचा अबोला यांचं काय जुळलं देव जाणे, पण जूनमध्ये ती एकटी त्याचं घर बघायला आली.

दिवस फार छान गेला. तिने मेंढ्यांची नावं विचारली, आणि मेंढ्यांना नावं नाहीत हे ऐकून तिघींना ठेवूनही टाकली. रात्री त्याने तिला आतली खोली दिली, जनरेटर बंद केला आणि उशाशी मेणबत्ती ठेवली. पहाटे तो उठला तर आरासेली बाहेर दगडी बाकावर, घोंगडी पांघरून, कुत्र्याला कवेत घेऊन बसलेली. मेणबत्ती कधीच विझली होती.

"ऐक, तुला खरं सांगते," ती म्हणाली. "मला अंधाराची भीती वाटते. लहानपणापासून. हसायचं असेल तर हस."

तो हसला नाही.

"शहरात खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा असतो, म्हणून कुणाला कळत नाही. इथे तर डोळे उघडले काय, मिटले काय. तू चांगला आहेस गाउदिओसो. घर चांगलं आहे. पण रात्रभर एक दिवा जळता हवा मला. एकच. आणि या वयात ही भीती काही जायची नाही."

तिने रात्रभर जनरेटर लावून पाहायचंही म्हटलं, पण त्या घरघरीत ना तिला झोप आली, ना त्याला, ना कुत्र्याला. ती परत गेली. गाउदिओसोला पहिल्यांदाच आपलं घर अंधारं वाटलं. इतकी वर्षं तो त्यात राहिला होता, आणि आता संध्याकाळ झाली की त्याला दारात उभं राहून खालच्या गावचे दिवे बघायची सवय लागली. तो दुःखी होता, सरळ सांगायचं तर. फक्त त्याला ते म्हणता येत नव्हतं.

ऑक्टोबरात तेरुएलला शेतीच्या प्रदर्शनात तो मेंढा विकायला गेला, तेव्हा एका कोपऱ्यात इसार्बे नावाची तिशीतली मुलगी एका खांबाशेजारी कंटाळून बसली होती. खांब म्हणजे फायबरची एक उंच नळी, वर जाड, खाली बारीक, आणि काही नाही. ना पातं, ना चाक. वारा अंगावरून गेला की खांब इकडून तिकडे डुलतो आणि त्या डुलण्याने बुडातल्या लोहचुंबकांतून वीज तयार होते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. येणारे मान हलवायचे आणि शेजारच्या ट्रॅक्टरकडे जायचे. सारागोसात तिचा दोन खोल्यांचा कारखाना होता आणि अजून एकही खांब विकला गेला नव्हता.

गाउदिओसोने टोपी काढली आणि एकच प्रश्न विचारला. "रात्री चालतो का?"

"वारा रात्री झोपायला जातो का काका?"

"आमच्याकडचा नाही जात."

"मग चालतो. घर तापणार नाही याच्यावर, फ्रीज चालणार नाही. एक-दोन दिवे, रेडिओ, फोन. बास. उगाच मोठ्या गप्पा मारत नाही."

"एक दिवा पुरे," तो म्हणाला.

तिला खांब खऱ्या वाऱ्यात वर्षभर उभा करून बघायचाच होता, म्हणून सौदा लगेच जमला. पण हे ना ते करत ती वर आली ती थेट जानेवारीच्या अखेरीस. खांब खरं म्हणजे अंगणात सिमेंटच्या पायावर उभा करायचा असतो. पण अंगणात हातभर खाली खडक, आणि थंडी अशी की कालवलेलं सिमेंट बादलीतच गोठलं. इसार्बेने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आढ्याच्या टोकाला, त्या जाडजूड तुळईलाच, खांब घट्ट जखडला. मग माळ्यावर बसून, तंगड्यांच्या रांगेत डोकं घालून, तिने बुडाचं एक कडं मिलीमिलीने वरखाली केलं. प्रत्येक खांबाची आपली एक लय असते म्हणे, वाऱ्याशी ती जुळली तर तो डुलतो, नाही तर नुसता ताठ उभा राहतो. संध्याकाळपर्यंत तिची बोटं बधिर झाली. मग वर खांबाने एक हेलकावा घेतला, मग दुसरा, आणि स्वयंपाकघरातला दिवा लागला. घरभर एक बारीक घुमणारा आवाज भरून राहिला, मधाच्या पोळ्यातून येतो तसा. कुत्र्याने कान टवकारले, ऐकलं आणि पुन्हा झोपला.

गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. ब्रह्मचाऱ्याच्या छपरावर उभा खांब, तोही डुलणारा! सातुरने तर बारमधून ओरडून सांगितलं, "गाउदिओसो, उभारायला फार उशीर केलास रे!" गाउदिओसो लाल झाला आणि दारूचा घोट घेऊन म्हणाला, "चालतोय ना पण." त्यावर तर बार डोक्यावर घेतला गेला.

फेब्रुवारीत आरासेली दोन दिवसांसाठी आली. दिवा रात्रभर जळला. ती आठवडाभर राहिली, मग महिनाभर. इस्टर उलटला, मेंढ्यांची लोकर कापून झाली, तरी ती होतीच. तिने त्याला कांदा बारीक चिरायला शिकवलं आणि त्याने तिला ढगांवरून गारा ओळखायला. माळ्याखालच्या खोलीत झोपताना वर तंगड्या एकमेकींना हलकेच आपटायच्या, त्या आवाजाचीही तिला सवय झाली. जुलैमध्ये ती म्हणाली, "सारागोसातलं भाड्याचं घर सोडून देते मी. दोन दोन घरं कशाला? सामान आवरून ऑगस्टात किल्ली देते आणि येते." तो म्हणाला, "बरं." एवढंच म्हणाला, पण त्या दिवशी त्याने मेंढ्यांना दोनदा पाणी पाजलं.

ऑगस्टात ती सामान आवरायला गेली आणि तिच्या पाठोपाठ गाव वर आलं. जत्रा जवळ आली होती. ज्याने त्याने आपली तंगडी उतरवली, दारू प्याली, विनोद केले. या हिवाळ्यातल्या कच्च्या तंगड्याही लोकांनी यंदा खाली नेल्या, कारण सहकारी संघाने गावात थंड हवेची नवी खोली बांधली होती आणि सगळ्यांना ती वापरून बघायची हौस होती. माळा पार रिकामा झाला. शेवटच्या माणसाला निरोप देऊन गाउदिओसो आत आला, तेव्हा घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घुमणारा आवाज नव्हता.

बाहेर वारा तर होता. खांब उभा होता, पण डुलत नव्हता, नुसता शहारल्यासारखा करायचा आणि थांबायचा. गाउदिओसोने वर चढून नटबोल्ट आवळले, नळी पुसली, दोन शिव्या दिल्या. काही फरक पडला नाही. खांबाची वीज साठवणारी बॅटरी दोन रात्री टिकली आणि तिसऱ्या रात्री दिवा गेला. त्याने टेकडीवर जाऊन, कारण फोनला रेंज तिथेच, इसार्बेला फोन लावला. तिकडून ध्वनिमुद्रित आवाज आला की कारखाना ऑगस्टभर बंद आहे. ऑगस्टात आमच्याकडे सगळंच बंद असतं. माणसाने ऑगस्टात आजारीसुद्धा पडू नये.

तो सातुरकडे गेला आणि झालं ते सांगितलं.

"तिला सांगितलंस का?" सातुरने विचारलं.

"अजून नाही."

"मग सांगूच नकोस. ऐक माझं. किल्ली देऊन तिला येऊ दे. एकदा सामान घेऊन आली की आली. मग आठ-पंधरा दिवस मेणबत्त्या लाव, गोड बोल. सप्टेंबरात ती पोरगी येऊन दुरुस्त करेलच की."

"आणि नाही झालं दुरुस्त तर?"

"तर काय? तोवर किल्ली गेली! कुठे जाईल ती?"

सातुर वाईट माणूस नाही. मित्राचं भलं व्हावं म्हणूनच तो बोलत होता. आणि गाउदिओसोला ते पटलंही, हे लपवण्यात अर्थ नाही. घरी येईपर्यंत सगळ्या चढावर ते त्याला पटत होतं. कुठे जाईल ती? पण दाराशी आल्यावर त्याला तो बाक दिसला आणि त्यावर कुत्र्याला घट्ट धरून बसलेली आरासेली आठवली. कुठे जाणार नाही, तर इथेच बसेल ती. रोज रात्री. तो दार न उघडताच वळला आणि टेकडीकडे चालू लागला.

"हं, बोल रे," आरासेलीचा मोठा आवाज आला. मागे खोकी ओढल्याचे आवाज. "कसा आहेस? जेवलास का?"

"दिवा गेला."

"काय?"

"खांब बंद पडलाय. दिवा लागत नाही. काय झालंय मला कळत नाही, आणि ती मुलगी सप्टेंबरशिवाय भेटत नाही."

पलीकडची खोकी थांबली.

"किल्ली देऊ नकोस," तो म्हणाला. आयुष्यात फोनवर तो एवढं कधी बोलला नव्हता. "घर राहू दे. दुरुस्त झालं तर मी सांगेन. नाही झालं तरी सांगेन. तू यावंस असं मला फार वाटतं. पण अंधारात नको."

"घरमालक उद्या सकाळी येणार आहे किल्ली घ्यायला."

"म्हणून तर आज फोन केला."

ती म्हणाली, "बरं. बघते," आणि फोन ठेवला. गाउदिओसो टेकडी उतरू लागला. आपण योग्य केलं याचं त्याला जराही बरं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मेंढ्या घेऊन लांब गेला, कारण घरी बसवेना. दुपारी परत येताना त्याला रस्त्यावर धूळ दिसली. मग एक सामानाची गाडी, वळणावर कण्हत चढणारी, आणि ड्रायव्हरच्या शेजारी हातवारे करत रस्ता दाखवणारी आरासेली.

गाडी अंगणात थांबली. गाउदिओसो टोपी हातात घेऊन उभा.

"मी तुला सांगितलं होतं, दिवा नाही," तो म्हणाला.

"ऐकलं मी. बहिरी नाहीये."

"मग किल्ली?"

"दिली." ती खाली उतरली, गुडघा चोळला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "माझा नवरा आजारी होता गाउदिओसो. वर्षभर. मी रोज विचारायचे, तो रोज म्हणायचा, सगळं ठीक आहे. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मला त्रास होऊ नये म्हणून लपवलं म्हणे! मला त्याच्याजवळ बसायला वर्ष मिळालं असतं, आठवडा मिळाला. काल फोन ठेवला आणि मी त्या खोक्यांवर बसून रडले. इतकी वर्षं कुणी मला वाईट बातमी वेळेवर दिली नव्हती रे."

गाउदिओसोने तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"भीती गेलेली नाही," ती म्हणाली. "भीतीसकट आलेय. तू रात्री जागा राहशील माझ्याबरोबर?"

"राहीन."

"झोप आली तर?"

"उभा राहीन."

"बाई, हे सामान उतरवायचं की परत न्यायचं?" ड्रायव्हर ओरडला. "मला अंधाराच्या आत खाली पोचायचंय."

खालच्या खोल्या लहान, तेव्हा बरंचसं सामान माळ्यावर चढवायचं ठरलं. आणि डोंगरावरच्या माणसाची सवय अशी की माळ्यावर काही जमिनीला टेकवून ठेवायचं नाही. उंदीर! त्यांच्या भीतीने सगळं टांगायचं. गाउदिओसोने विचारसुद्धा केला नाही, दोर घेतला आणि एकेक वस्तू रिकाम्या आकड्यांना टांगत गेला. चादरींची पेटी. तांब्याची पातेली. बशांचं खोकं. आरासेलीच्या आईचं शिवणयंत्र, लोखंडी, जे चढवताना ड्रायव्हरने सगळ्या संतांची नावं घेतली. शेवटी धुलाईखान्याने नोकरी सोडताना भेट दिलेली जुनी भलीमोठी इस्त्री, जी कुणाला कशाला भेट देतात ते त्यांनाच माहीत.

इस्त्री टांगली आणि खोक्यातल्या बशा वाजू लागल्या.

"हळू रे, फुटतील!" आरासेली म्हणाली.

"मी हात लावलेला नाही."

बशा वाजत होत्या. तुळईतून तो घुमणारा आवाज आला, आधी तुटक, मग सलग. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि म्हणाला, "अहो, तुमच्या छपरावरचं ते खांड हलतंय. पडणार तर नाही ना?"

आरासेली धडधड जिना उतरून स्वयंपाकघरात गेली. भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना, दिवा लागला होता. बॅटरी रिकामी म्हणून मिणमिणता, पण लागला होता. ती खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"तंगड्या!" ती म्हणाली. "गाउदिओसो, त्या तंगड्यांच्या वजनावर चालत होता तो! तू घर रिकामं केलंस म्हणून रुसला."

त्याने वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यालाही पटलं.

"म्हणजे आता माझं सामान उतरवलं तर दिवा जाणार," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे उद्या भांडण झालं तरी मला माझं शिवणयंत्र घेऊन जाता येणार नाही."

"नाही."

"हा काय न्याय झाला?"

गाउदिओसो टोपी फिरवत राहिला. "उतरवायचं कशाला पण?" तो म्हणाला. त्याच्या परीने ती लग्नाची मागणी होती, आणि आरासेलीला ती बरोबर समजली.

सप्टेंबरात इसार्बे धावतपळत वर आली. माळ्यावर चढून तिने टांगलेला संसार पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. चूक तिचीच होती. तुळई रिकामी नाही, लय तंगड्यांच्या वजनासकट बसतेय, हे जानेवारीत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती स्वतः तेरुएलची, तिच्या आजोबांच्या माळ्यावरही जन्मभर तंगड्या टांगलेल्या, म्हणून त्या घराचाच भाग वाटल्या.

"आता नीट करून देते काका," ती बाही सरसावत म्हणाली. "हे सगळं खाली घ्या. रिकाम्या तुळईवर लय बसवून देते, म्हणजे घरात सामान राहो न राहो, तुमचा दिवा जळत राहील. कुणावर अवलंबून राहायला नको."

गाउदिओसोने खालच्या खोलीतून येणारा आरासेलीचा मोठा आवाज ऐकला. ती कुत्र्याला कशावरून तरी रागावत होती.

"नको," तो म्हणाला. "आहे तसंच राहू दे."